बंद शब्दाचा शेवटचा अ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं तर मी मामीचं नाव घेतो. आईवडिलांनी कष्ट केले ते आहेतच, पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी झालो तो बेळगावात मामीच्या घरी राहायला मिळालं म्हणून. सहा वर्षं तिनं मला जेवू घातलं आणि प्रत्येक परीक्षेच्या सकाळी मी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती गेटात उभी राहिली. तिच्याबद्दल लिहायचं तर चांगलंच लिहायला पाहिजे. पण तिच्याच घरात चार वर्षं मी एका माणसावर जळत काढली, हेही लिहायला पाहिजे. त्या जळण्यानं माझे कान बिघडले. पुढे लोकांचे कान तपासणं हेच माझं काम झालं, तरी माझ्या कानांत काय बिघाड होता हे कळायला मला फार उशीर लागला.

आमचं गाव निपाणीपासून सायकलनं जाण्याइतकं जवळ. आई तंबाखूच्या वखारीत पाला निवडायला जायची, वडील तिथंच पोती उचलायचे. घरात सगळ्यांच्या कपड्यांना तंबाखूचा वास. शाळा मराठी, कन्नड एक विषय म्हणून. दहावीनंतर मामा मला बेळगावला घेऊन गेले. ते बस डेपोत मेकॅनिक होते आणि हिंडलग्याच्या अलीकडे एका गल्लीत भाड्यानं राहायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं.

मामी चिकोडीकडच्या कन्नड घरातली. आमच्यात सोयरिकीला भाषा आडवी येत नाही. एका गावात मराठी बोलतात, चार कोसांवर तेच आडनाव कन्नड बोलतं. लग्न करून आली तेव्हा मामीला मराठीतले दहाबारा शब्द येत होते असं मामा सांगायचे. मी गेलो तोवर ती भराभर बोलत होती, फक्त कोण पुल्लिंगी आणि कोण स्त्रीलिंगी हे ती स्वतःच ठरवायची.

"चहा गार झाली बघ. आणि भाकरी संपला, पीठ मळू का?"

मामा हसायचे. "अगं, चहा गार झाला आणि भाकरी संपली."

"चहा लुगडं नेसती का धोतर, मला काय म्हाईत?" असं म्हणून ती पीठ मळायला बसायची.

ती माझ्याशी कायम मराठीतच बोलली. मी तिला 'तुम्ही' म्हणायचो, कारण निघताना आईनं बजावलं होतं, दुसऱ्याच्या घरी राहायचं आहे, जीभ सांभाळून राहा. पहिली दोन वर्षं त्या घरातलं एकुलतं पोर मीच होतो. दुपारी चारच्या सुमाराला घरी आलो की चहाचं आधण ठेवलेलं असायचं. मामी समोर बसून विचारायची, आज काय शिकवलं. मी फिजिक्सचं काहीतरी सांगायचो आणि ती मन लावून ऐकायची. मला वाटायचं, हे असंच राहणार.

तिसऱ्या वर्षी तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा आला. माझ्याच वयाचा. त्याला बेळगावात डिप्लोमाला जागा मिळाली होती. मामा म्हणाले, "दोघं भावाभावासारखं ऱ्हावा." बाहेरच्या खोलीत एक खाट आणि एक गादी होती. एक आठवडा तो खाटेवर, एक आठवडा मी. यात तक्रारीला जागा नव्हती. तक्रार दुसरीकडेच होती. तो मामीला 'चिगव्वा' म्हणायचा, म्हणजे कन्नडमध्ये धाकटी मावशी, आणि तिला 'नी' म्हणायचा, म्हणजे तू. आल्या दिवसापासून. मला दोन वर्षांत तिला तू म्हणता आलं नव्हतं.

आणि ती त्याच्याशी कन्नडमध्ये बोलायची. मी ओळखत होतो ती मामी शब्द वेचून बोलणारी, मध्येच थांबणारी होती. ही मामी थांबतच नव्हती. गावाकडच्या कुठल्या म्हातारीची चाल, कुठल्या तलाठ्याचा खोकला, सगळ्या नकला करायची आणि दोघं हसून हसून भिंतीला टेकायची. मला शाळेतलं कन्नड येत होतं, पाट्या वाचता येत होत्या, बाजारात भाव करता येत होता. पण त्या वेगात माझ्या हाती चारातला एक शब्द लागायचा, आणि तोवर हसणं होऊन गेलेलं असायचं.

मग चारची वेळ वेगळी झाली. त्याचं कॉलेज आधी सुटायचं. मी गल्लीत शिरलो की स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोघांचं हसणं ऐकू यायचं. मी गेट उघडायचो. ते करकरायचं. आणि आतून मामीचा आवाज यायचा, "बंद!"

लगेच सगळं शांत. मी चपला काढून आत जाईपर्यंत तो खाली मान घालून चहात चमचा फिरवत बसलेला असायचा आणि मामी मराठीत विचारायची, "आलास? चहा ठेवली." चेहऱ्यावर आताच पुसलेलं हसू.

हे रोज. रविवार सोडून रोज. मला काय ऐकू येत होतं यात मला कधी शंका आली नाही. बंद करा. तो आला, विषय बंद करा. विषय मी होतो, हे उघडच होतं. वखारीतल्या बाईचं पोर, कपड्यांना वास मारतो, जेवतो किती, असंच काहीतरी. एकदा तर मला 'तंबाकु' असा शब्दही खिडकीतून स्पष्ट ऐकू आला होता. आज मी तो शब्द ऐकल्याची खात्री देऊ शकत नाही.

मी कारण नसताना जळत नव्हतो असं मला वाटायचं, कारण पुरावे रोज दिसत होते. त्याच्या ताटातली भाकरी मोठी. त्याच्या चटणीवर तेल जास्त. त्याचा पेला काठोकाठ, माझा बोटभर उणा. अगदी डोळ्यांना दिसायचं. एकदा मामी परड्यात धुणं वाळत घालायला गेली आणि तो हात धुवायला उठला, तेवढ्यात मी त्याच्या ताटातली भाकरी उचलून माझ्या भाकरीवर ठेवली. काठाला काठ जुळला. माझीच एका बाजूला नखभर बाहेर आली. तो परत येईपर्यंत मी ती जागच्या जागी ठेवून दिली. गोष्ट तिथं संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी ताटं समोर आली आणि त्याची भाकरी पुन्हा मोठी दिसली. मोजून झालं होतं, तरी दिसली.

त्या दोघांतलं कुणी माझ्याशी वाईट वागलं का? नाही. तो तर मुळात माझ्याशी बोलायचाच कमी. मी त्याला शिष्ट समजायचो. मी काही विचारलं की तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहायचा, मग 'व्हय' किंवा 'न्हाय' म्हणायचा आणि पुस्तक उघडायचा. मला वाटायचं, मराठी बोलायला कमीपणा वाटतो.

पीयूसी, म्हणजे बारावी झाल्यावर मला बेळगावातच श्रवण आणि वाचा या विषयाच्या पदवीला जागा मिळाली. आमच्या गावात ही पदवी कसली हे सांगताना वडिलांना अजून अडचण होते. ते 'कानाचं कॉलेज' म्हणतात. तिथं आमच्या एका सरांनी एकदा वर्गात टेप लावली. नुसती खरखर, शिट्ट्या, पत्र्यावर वाळू पडल्यासारखा आवाज. सरांनी विचारलं, काय ऐकलंत? कुणालाच सांगता येईना. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'दुधाचं भांडं उन्हात ठेवू नका', आणि तीच टेप पुन्हा लावली. सगळा वर्ग एकदम हसला, कारण ते वाक्य आता लख्ख ऐकू येत होतं. तिसऱ्यांदा लावली तेव्हा मी मुद्दाम पूर्वीची खरखर ऐकायचा प्रयत्न केला. जमलं नाही. माहीत झालेलं वाक्य पुसता येत नव्हतं.

सर म्हणाले, कानातून आत येतं ते फार थोडं असतं, तुटकं असतं. मेंदू आवाजाची वाट बघत बसत नाही. आता काय येणार याचा तो आधीच अंदाज बांधून ठेवतो, आणि येणारा आवाज त्या अंदाजाशी ताडून बघतो. जुळलं तर आपण म्हणतो, ऐकलं. थोडं कमी पडलं तर तो स्वतःच भरून काढतो. फारच वेगळं निघालं तरच अंदाज बदलतो. डोळ्यांचंही तसंच.

हे मला इतकं आवडलं की घरी जाऊन मी मामीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तू यायच्या आधी मी चहा ठेवती तसं." मी म्हणालो, हो, तसंच. तिची शिकवणी घ्यायला मिळाली याचा मला आनंद झाला, आणि तो कोपऱ्यात बसून ऐकत होता याचा जास्त. त्या दिवशी गेट करकरलं तेव्हाही मी 'बंद' ऐकलं होतं. पण टेप आणि गेट यांचा संबंध मला लागला नाही. शिकलेलं ज्ञान परीक्षेच्या पेपरात लिहायचं असतं अशीच तेव्हा माझी समजूत होती.

नंतर माझी नोकरी, लग्न, शहराच्या दुसऱ्या टोकाला घर. एका खाजगी तपासणी केंद्रात मी कान तपासतो, मशीन बसवून देतो. मामा तीन वर्षांपूर्वी गेले. आणि तो? तो एका वर्कशॉपमध्ये मशीनवर आहे आणि मामीच्या गल्लीतच दोन घरं सोडून राहतो. त्याची बायको मामीला कालवण देते, त्याची मुलगी तिच्याकडेच अभ्यासाला बसते. मी रविवारी जातो, फळं घेऊन, पाहुण्यासारखा. ती जागा माझी होती, असं दर रविवारी वाटतं.

मागच्या वर्षभरात मामी माझ्याशी बोलेनाशी झाली. म्हणजे तोंडावर हसू असायचं, पण मी काही विचारलं की उत्तर भलतंच.

"मामी, गुडघा कसा आहे?"

"जेवूनच जा."

"गुडघा, गुडघा!"

"व्हय व्हय."

तेवढ्यात तो दारातून कन्नडमध्ये काही विचारायचा आणि ती चुलीकडे तोंड ठेवून, पाठमोरी, त्याला बरोबर उत्तर द्यायची. मी ते बघायचो. दिवसाला आठदहा लोकांचे कान तपासणारा मी, माझ्या मनात काय आलं ते सांगायला लाज वाटते. मला वाटलं, तिला ऐकायचं असतं तेव्हा ऐकू येतं.

शेवटी त्याचाच फोन आला. "चिगव्वाला घेऊन येतो तुझ्याकडं. कान बघ तिचा." मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर तडफडलो. माझं क्षेत्र, माझी मामी, आणि घेऊन येणार हा.

तपासणीची खोली आवाजबंद असते. पेशंट आत, काचेपलीकडे मी. पेशंटच्या कानावर हेडफोन, हातात बटण. बारीक आवाज सोडत जायचं, ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. मामीनं मन लावून दाबलं. दोनतीनदा आवाज नसतानाही दाबलं. मी दार उघडून विचारलं, तर म्हणाली, "तू वाट बघत असशील म्हणून दाबली." असं बऱ्याच जणांचं होतं. वाट बघणाऱ्याला आवाज नसतानाही ऐकू येतो. एकंदर निकाल वयाप्रमाणेच होता. वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येणं कमी झालं होतं, मशीननं फायदा होण्यासारखा.

त्यानंतर शब्दांची तपासणी. मी माइकवर एकेक सुटा शब्द म्हणायचा, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे कागद धरायचा, पेशंटनं तो शब्द परत म्हणायचा. ड्रॉवरमध्ये एक मराठी यादी असते, एक कन्नड. मी मराठी काढली. तो माझ्यामागे स्टुलावर बसून होता.

"दार."

"गार," मामी म्हणाली.

"मीठ."

"पीठ."

"हात."

"सात?" तिनं काचेतून माझ्याकडे बघितलं, चुकलं का म्हणून. मी चेहरा हलू दिला नाही.

"बंद."

मामीचा चेहरा एकदम उजळला. तिनं मान वळवून खोलीच्या दाराकडे बघितलं. "आला," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "कोण आलं रं?"

मी फुली मारली. मागून हसल्याचा आवाज आला.

"काय झालं हसायला?"

"फुली का मारलास? बरोबर हाय की ती."

"मी बंद म्हणालो. ती आला म्हणते."

"मग बंदऽ म्हणजे आलाच की," तो म्हणाला. "तिला अजून तूच दिसतोस गेटात."

मी खुर्ची वळवली. "मी?"

"तू नाहीतर कोण? रोज चारला गेट वाजला की म्हणायची न्हवं, बंदऽ, मराठी माताड. आला, आता मराठी बोल. आपण कन्नड बोलत बसलो तर तुला परकं वाटंल म्हणून नियमच केलती तिनं. तू चपला काढूस्तोवर मी डोक्यात एक वाक्य जुळवायचो. जुळायचा न्हाय. तोवर तू येऊन बसायचास, आणि मी चहात चमचा फिरवत गप."

'बंद' म्हणजे 'तो आला' हे मला काय माहीत नव्हतं? लहानपणी निपाणीच्या स्टँडवर बस दिसली की कन्नड पोरं 'बंतु, बंतु' म्हणून ओरडायची, आली आली. त्याच क्रियापदाचं हे रूप, तिसऱ्या इयत्तेतलं. मराठी 'बंद' आणि कन्नड 'बंद' लिहायला सारखेच. फरक एवढाच की कन्नडमध्ये शेवटचा अ पुरा उच्चारतात, बंदऽ. देवनागरीत तो दिसतसुद्धा नाही. गेटाच्या करकरीत एवढासा अ बुडणं सोपं होतं. त्यापुढचं 'मराठी माताड' मात्र एवढंसं नव्हतं. तेही मी चार वर्षांत एकदाही ऐकलं नाही. पहिल्या शब्दाला माझा अंदाज जुळला होता, त्यामुळे पुढचं ऐकायची मेंदूला गरजच उरली नव्हती.

"मला वाटायचं, तुम्ही माझ्याबद्दल बोलत होता," मी म्हणालो.

"तुझ्याबद्दल?" त्याला खरंच नवल वाटलं. "तुझ्याबद्दल हसण्यासारखा काय असायचा? आमच्या गावच्या तलाठ्याची नक्कल चाललेली असायची. तू आलास की ती अर्धीच ऱ्हायची. मराठीत तिला जमायचा न्हाय. लई राग यायचा बघ तुझा. दिवसातला तेवढाच अर्धा तास मला घरी असल्यासारखा वाटायचा."

काचेपलीकडच्या माइकमधून मामी हाक मारत होती, "संपला का रं?"

मी यादी पुरी केली. पंचवीस शब्दांत अकरा बरोबर. मी पाटीवरचं वाचल्यासारखं सांगितलं की आवाज वाढवून देता येईल, पण बोलणं समजायला मशीनचा फारसा उपयोग होणार नाही.

"कुठल्या भाषेतला बोलणं?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

त्यानं माझ्यापुढच्या फॉर्मवर बोट ठेवलं. मातृभाषा या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलं होतं, मराठी. मी तिला विचारलं नव्हतं. कुणाही अनोळखी पेशंटला मी पहिल्यांदा तेच विचारतो.

कन्नड यादी वाचणाऱ्या आमच्या सहकारी बाई त्या दिवशी रजेवर होत्या. माझे कन्नड उच्चार असे की मामी नक्कीच हसली असती. दुसरा मार्ग नव्हता. मी उठलो आणि त्याला माझ्या खुर्चीत बसवलं, माइक त्याच्यापुढे सरकवला, आवाजाचा काटा स्थिर ठेवायचं बटण तेवढं माझ्या हातात ठेवलं.

"मने," तो म्हणाला. घर.

"मनी," मामी म्हणाली.

मी फुली मारायला पेन टेकवलं. "बरोबर हाय," तो माइक झाकून म्हणाला. "आमच्याकडं मनीच म्हणत्यात."

हालु. कण्णु. नीरु. दूध, डोळा, पाणी. ती एकामागून एक देत गेली. ती खुर्चीत मागे रेलली होती, हात मांडीवर मोकळे, आणि मला त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतली, माझ्याशिवायची मामी दिसत होती. पंचवीसात एकवीस. तेच कान, आवाजही तेवढाच मोठा. नंतर आमच्या बाईंनी नियमाप्रमाणे तपासणी पुन्हा घेतली तेव्हाही एकाच शब्दाचा फरक पडला.

याचं कारण माझ्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. कानातून येणारं कमी झालं की माणूस उरलेलं अंदाजानं भरतो, आणि अंदाज लहानपणच्या भाषेत भरपूर साठवलेले असतात. नंतर शिकलेल्या भाषेत ते कमी असतात, आणि कान दुबळे झाले की तीच भाषा आधी हातची जाते. त्याला पाठमोरी उत्तर देणं आणि मला 'जेवूनच जा' म्हणणं यात मनाचा काही संबंध नव्हता. वीस वर्षं तिनं माझ्यासाठी अवघड भाषेत ऐकलं होतं, आणि आता ते तिच्याच्यानं होत नव्हतं.

इथं मला मोकळं वाटायला पाहिजे होतं. वाटलंही, पण थोडाच वेळ. ते दोघं रिक्षातून गेले आणि रिक्षा वळायच्या आत जुनी कळ नव्या जागी उठली. तिनं माझ्यासाठी स्वतःच्या बहिणीच्या मुलाला गप्प बसवलं, ही माया होती. पण त्यामुळे मला जी मामी मिळाली ती कायम शब्द वेचणारी, सावरून बसलेली. नक्कल करणारी मामी त्याला मिळाली. मला तिचे कष्ट मिळाले, त्याला ती मिळाली. आता मी कशावर जळत होतो ते तरी मला नीट ऐकू येत होतं.

फोनवर तिला ऐकू येत नाही, आणि घरी तो असतोच. म्हणून मी पत्र लिहायचं ठरवलं. मराठी वाचताना ती अडखळते, म्हणून कन्नडमध्ये. दहावीनंतर मी कन्नडमध्ये चार ओळी लिहिल्या नव्हत्या. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत लिहीत होतो. आमच्या सहकारी बाईंनी वेलांट्या सुधारून दिल्या, पण मजकूर वाचला नाही असं त्या म्हणाल्या. पहिल्याच ओळीत अडलो. 'नीवु' लिहायचं की 'नी', तुम्ही की तू? अर्धा डबा तसाच राहिला. मग लिहिलं. खाली त्याचं मराठी देतो.

मामी,

कन्नडमध्ये तुला अत्ती म्हणायला पाहिजे, पण तू मला मामीच आहेस. तू म्हणालो म्हणून रागावू नको. शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर तुझी चहा आणि भाकरी आठव आणि मला माफ कर.

फॉर्मवर तुझी मातृभाषा मी चुकीची लिहिली होती. खोडून बरोबर लिहिली आहे. मशीन त्याप्रमाणेच लावून दिलं आहे. सुरुवातीला भांड्यांचा आवाज मोठा वाटेल. काढून ठेवू नको, पंधरा दिवसांत सवय होईल.

तुझ्याकडे राहत होतो तेव्हा तू रोज चारला काय म्हणायचीस ते मला आता कळलं. मी ते वेगळं ऐकायचो. काय ऐकायचो ते लिहीत नाही, तुला वाईट वाटेल. एवढंच लिहितो की तू मला बोलवत होतीस आणि मी ते हाकलणं समजत होतो. एक दिवस मी दोन ताटांतल्या भाकरी एकमेकींवर ठेवून मोजल्या होत्या. माझी मोठी होती. हे त्याला सांगू नको.

मी त्याच्यावर तेव्हा जळत होतो. आजही जळतो. तू त्याच्याशी ज्या वेगानं बोलतेस त्यावर जळतो. तुला माझ्यासाठी आता मराठी जुळवत बसायची गरज नाही. माझ्याशी कन्नडमध्ये बोल. मला निम्मं कळेल, निम्मं अंदाजानं घेईन. अंदाज चुकला तर तू हस, मी पुन्हा विचारीन. तलाठ्याची ती नक्कल मला अजून पुरी बघायची आहे.

पत्र त्याच्याकडून वाचून घेऊ नको. चष्मा लावून स्वतः वाच. एका दिवसात नाही झालं तर दोन दिवसांत वाच.

रविवारी चारला येतो. मशीनच्या बॅटऱ्या आणतो. गेटाला तेल घालू नका असं त्याला सांग. ते वाजलं की आतून एकदा म्हण. या वेळी शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकतो.

तुझा,
आलेला